पाठीवरच्या पिशवीचा हिशोब

संध्याकाळची वेळ आहे. कुणी धार काढून आली असेल, कुणी भाकऱ्या थापत ऐकत असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आज मी बोलणार आहे पार्सल पोचवणाऱ्या मुलांबद्दल. मोबाइलवर वस्तू मागवली की मोटरसायकलवर, पाठीला भली मोठी पिशवी अडकवून ती दारात आणून देणारा मुलगा. तुम्ही म्हणाल, ताई, हा शहरातला विषय, आपल्याला काय त्याचं? मलाही तसंच वाटायचं. पण मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत मी सहज विचारलं, तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं पोरगं पुण्या-मुंबईला हे काम करतंय? बैठकीत ३२ जणी होत्या. ९ जणींनी हात वर केले. त्यातल्या चौघींनी मोटरसायकलसाठी गटाचंच कर्ज उचललेलं. म्हणजे त्या पिशवीतलं थोडं ओझं आपल्याही पाठीवर आहे.

आता एका मावशींची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, त्यांना विचारूनच सांगतेय. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गटात ३०,००० रुपयांची मागणी केली. धाकटा मुलगा बारावी होऊन घरी बसलेला. पुण्यात मावसभाऊ पार्सलचं काम करत होता, तो म्हणाला, "ये इकडं, महिन्याला २५,००० सुटतात." गाडीच्या सुरुवातीच्या रकमेसाठी पैसे हवे होते, बाकीचा हप्ता फायनान्सचा. आम्ही ठराव केला, सगळ्यांनी सह्या केल्या. समन्वयक म्हणून मीही कागद तपासले. परतफेड कशी करणार, जामीन कोण, सगळं विचारलं.

एक प्रश्न मात्र मी विचारला नाही. मुलगा पडला, हातपाय मोडला, तर पैसे कोण देणार?

आठ महिन्यांनी पावसाळ्यात तो घसरून पडला. मनगट मोडलं. सहा आठवडे काम बंद. मावशींनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, तुमचा मुलगा आमच्याकडे नोकरीला नाही. तो आमचा भागीदार आहे." मावशी मला विचारत होत्या, "ताई, भागीदार म्हणजे नफ्यात वाटा असतो ना? मग ह्याला वाटा कुठं आहे?" मला उत्तर देता आलं नाही. दोन शेळ्या विकून त्यांनी फायनान्सचे हप्ते भरले. त्यानंतर मी या कामाची माहिती गोळा करायला लागले. तीच आज सांगते.

आधी पैशाचा हिशोब. तो मुलगा बरा झाल्यावर गावी आला होता, तेव्हा आम्ही दोघं वही घेऊन बसलो. या कामात बहुतेक ठिकाणी महिन्याचा पगार नसतो. फडात उसाची मजुरी टनावर मिळते, विड्या वळणारीला हजारावर मिळते, तशी इथं नगावर मिळते. त्याला एका पार्सलमागे १४ रुपये मिळायचे. दिवसाला ७० पार्सल धरली तर ९८० रुपये. महिन्याचे २६ दिवस भरले तर २५,४८० रुपये. मावसभाऊ खोटं बोलला नव्हता.

पण आता खर्चाची बाजू लिहू. रोज ८० किलोमीटर गाडी फिरते. पेट्रोल दिवसाला साधारण १९० रुपयांचं, महिन्याचे झाले ४,९४०. ऑइल, टायर, ब्रेक, सर्व्हिसिंग मिळून महिन्याला १,५०० धरले. मोबाइलचा रिचार्ज ३५०. गाडीचा हप्ता ३,२००. एकूण ९,९९०. कंपनीचं काम करायला त्याला स्वतःच्या खिशातून एवढा खर्च येतो. हातात राहिले १५,४९०. रोज ११ तास काम, म्हणजे महिन्याला २८६ तास. भागाकार करून बघा, तासाला ५४ रुपये पडतात. त्यातून खोलीभाडं आणि मेसचे ६,५०० गेले की उरतात ८,९९०. त्यातच कपडे, औषध, गावाला येणं-जाणं आणि आईला पाठवायचे पैसे.

हा झाला चांगला महिना. गिऱ्हाईक घरी नसेल, फोन उचलत नसेल, तर पार्सल परत न्यावं लागतं. त्या नगाचे पैसे त्याला मिळत नव्हते. ७० नग घेऊन निघाला आणि ५८ पोचले, तर त्या दिवशीचे ८१२ रुपये. पेट्रोल मात्र तेवढंच जळलं. आणि जुनी होत चाललेली गाडी? तिची घट आपण वहीत धरलीच नाही. शेळीपालनाचा प्रकल्प अहवाल करताना आपण गोठ्याची घट धरतो, मग इथंही धरायला हवी.

म्हणून मैत्रिणींनो, "महिन्याला इतके सुटतात" असं कुणी सांगितलं की विचारायचं, सुटतात की मिळतात? या दोन शब्दांतच सगळा फरक आहे.

आता त्या "भागीदार" शब्दाकडे येऊ. कामगार म्हटलं की कायद्यानं बऱ्याच गोष्टी मागे येतात. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, जादा तासांचे जास्त पैसे, अपघाताची भरपाई. भागीदार म्हटलं की यातलं काही आपोआप लागू होत नाही. पण काम कोणतं, किती नग, कोणत्या रस्त्यानं, किती वेळात, हे सगळं मोबाइलवरचं ॲप ठरवतं. नगाचा दर कंपनी ठरवते आणि एके दिवशी तो बदलतेही. भागीदाराला कुणी विचारत नाही. आयडी बंद केला की काम बंद. कुणाशी भांडायचं? मोबाइलशी?

तुम्हाला वाटेल, ही नवीन जमान्याची नवीन अडचण आहे. तसं नाही. महाराष्ट्रानं ही अडचण आधी पाहिलेली आहे आणि तिच्यावर उत्तरही काढलेलं आहे. सातारा, पाटण, जावळीकडची कितीतरी माणसं मुंबईला जाऊन डोक्यावर पोती वाहायची. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या गोदामात. मजुरी नगावर. पडला-झडला तर प्रत्येक व्यापारी म्हणणार, हा माझा माणूस नाही. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र केलं. मोठा लढा झाला आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला.

या कायद्यात युक्ती काय होती ते नीट समजून घ्या. कायद्यानं "मालक कोण?" या प्रश्नावर अडून न बसता मंडळं नेमली. मंडळात सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मालकाचीही नोंदणी मंडळाकडे. मालकानं मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर काही टक्के लेव्ही वेगळी भरायची. मंडळ कामगाराला मजुरी देणार आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना यांची सोय करणार. मालक दहा असोत की शंभर, माणसाचं खातं एकच. विडी कामगार बायकांचंही तसंच. घरी बसून विड्या वळणारी बाई कारखान्याच्या दारात पाऊल टाकत नव्हती, तरी १९६६ च्या विडी कायद्यानं तिलाही कामगार मानलं. म्हणजे कारखाना नाही, हजेरीपट नाही, म्हणून कामगार नाही, हे म्हणणं आपल्याकडे फार पूर्वीच मोडीत निघालेलं आहे.

मग या मुलांसाठी आज कायद्यात काय आहे? केंद्र सरकारची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात ॲपवर काम करणाऱ्या माणसाचा पहिल्यांदा उल्लेख आला. त्याला "गिग कामगार" असं नाव दिलं आहे. कंपन्यांनी आपल्या वर्षाच्या उलाढालीचा १ ते २ टक्के हिस्सा या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचा. मात्र कामगारांना जेवढे पैसे दिले जातात, त्याच्या ५ टक्क्यांहून जास्त तो नसावा. त्या निधीतून अपघात विमा, आरोग्य, म्हातारपण अशा योजना करायच्या. ही चांगली गोष्ट आहे. पण याच संहितेत व्याख्या अशी आहे की हा माणूस नेहमीच्या मालक-कामगार नात्याबाहेर काम करतो. त्यामुळे योजना मिळतील, पण नगाचा दर किती असावा, किमान वेतन मिळावं का, हा प्रश्न तसाच राहतो.

काही राज्यांनी स्वतःचे कायदे केले. पहिला राजस्थाननं २०२३ साली. कर्नाटकानं २०२५ साली केला, त्यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. कामाच्या अटी बदलायच्या असतील किंवा कुणाला कामावरून काढायचं असेल, तर कंपनीनं १४ दिवस आधी कळवायचं. काढायचं कारणही लेखी द्यायचं. रात्रीत आयडी बंद, असं चालणार नाही. आपल्या मुलाला सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते.

हे कायदे वरून पडलेले नाहीत. मुलं एकत्र आली, निवेदनं दिली, संप केले, तेव्हा ते झाले. एकत्र येणं या कामात अवघड आहे. गिरणीला एक गेट असायचं, भोंगा झाला की हजार माणसं एका जागी भेटायची. इथं प्रत्येकजण आपापल्या गाडीवर. शिवाय बहुतेकांना वाटतं, आपण वर्षभरच हे करणार, कशाला भानगडीत पडा? आणि नाव पुढं आलं की आयडी बंद होण्याची धास्ती. तरी मुलं गोदामाबाहेर, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर भेटतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या आसपास किराणा पोचवणाऱ्या मुलांचा दर नगामागे २५ रुपयांवरून १५ वर आला, तेव्हा त्यांनी काम थांबवलं आणि कितीतरी दुकानं बंद राहिली. २०२५ च्या डिसेंबरमध्ये २५ आणि ३१ तारखेला देशभर संपाची हाक होती. दहा मिनिटांत सामान पोचवण्याची सक्ती बंद करा, ही त्यातली एक मागणी. पुढच्याच महिन्यात केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणं केलं आणि दहा मिनिटांची जाहिरात मागे घेतली जाऊ लागली.

संघटना म्हणजे जादूची कांडी आहे, असं मी म्हणणार नाही. संपाच्या दिवशी मजुरी बुडते. कधी मागणी मान्य होत नाही आणि मुलं गपचूप कामावर परततात. पण एक उदाहरण आपल्या अगदी दारातलं आहे. आपल्या गावात टपाल आणि पार्सल कोण आणतं? ग्रामीण डाकसेवक. तेही पार्सलच पोचवतात. त्यांनाही वर्षानुवर्षं "तुम्ही खात्याचे पूर्ण कर्मचारी नाही" असंच ऐकावं लागलं. वेतनासाठी सरकारनं कमलेश चंद्र समिती नेमली, तिचा अहवाल २०१६ मध्ये आला, पण अंमल होईना. शेवटी मे २०१८ मध्ये देशभरातल्या डाकसेवकांच्या संघटनांनी संप केला. गावोगावची टपाल कार्यालयं दोन आठवडे बंद राहिली. ६ जून २०१८ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं नवी वेतनरचना मंजूर केली. तीन लाखांहून जास्त डाकसेवकांना त्याचा फायदा झाला. चार तासांच्या कामाला डाकसेवकाला सुरुवातीला १०,००० रुपये आणि शाखा डाकपालाला १२,०००, त्यावर महागाई भत्ता वेगळा. शहरातलं पोरगं आणि गावातला डाकसेवक, दोघांच्याही पिशवीत पार्सलच. फरक एवढाच की एकाचा दर बदलायला मंत्रिमंडळ बसावं लागतं आणि दुसऱ्याचा दर एका मेसेजवर बदलतो.

आता आईच्या मनातला प्रश्न. या कामात पुढं काय आहे? खरं सांगायचं तर शिडीला पायऱ्या कमी आहेत. थोडी मुलं गोदामात सुपरवायझर होतात, कुणी लहान टेम्पो घेऊन जास्त माल नेतं. बाकीच्यांचा नगाचा दर पहिल्या वर्षी जो, तोच पाचव्या वर्षी. कंबर आणि गुडघे मात्र पाच वर्षांनी जुने होतात. म्हणून हे काम करू नये असं मी म्हणत नाही. घरी बसण्यापेक्षा चार पैसे मिळवलेले बरे. पण ते करता करता पुढची तयारी चालू हवी. मोठ्या गाडीचं लायसन्स, आयटीआयचा एखादा कोर्स, राहिलेली पदवी, जे जमेल ते.

डाकसेवकाच्या भरतीवरही लक्ष ठेवा. तिला लेखी परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते. वयाची अट १८ ते ४० वर्षं, राखीव गटांना सवलत. अर्ज ऑनलाइन. मुलींनीही भरावा. आणि कुणी "पैसे द्या, लावून देतो" म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

शेवटी आपल्या गटांनी काय करायचं ते सांगते. आमच्या ग्रामसंघानं हे ठरवलं आहे, तुम्हाला पटलं तर घ्या.

पहिलं, मोटरसायकलसाठी कर्जाची मागणी आली की मुलाकडून महिन्याचा हिशोब मागायचा. एका बाजूला मिळणारे, दुसऱ्या बाजूला पेट्रोल, दुरुस्ती, हप्ता, राहणं-खाणं. काम आधीच करत असेल तर तीन महिन्यांचं बँकेचं पासबुक बघायचं.

दुसरं, कर्ज देण्याआधी विमा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेला वर्षाला २० रुपये लागतात, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. जीवनज्योती विम्याला वर्षाला ४३६ रुपये. पण हात मोडून सहा आठवडे घरी बसलं तर हे दोन्ही विमे उपयोगी पडत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. त्यासाठी आमच्या गटानं मुलांना सांगितलंय, दोन महिन्यांच्या हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाकल्याशिवाय नवा मोबाइल घ्यायचा नाही. गाडीचा विमा काढताना गाडी पार्सलच्या कामाला वापरतो हे स्पष्ट सांगायचं. लपवलं तर भरपाईच्या वेळी तेच कारण पुढं करून दावा नाकारला जाऊ शकतो.

तिसरं, ई-श्रम पोर्टलवर नोंदणी. आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर लागतो. बारा आकडी क्रमांक मिळतो. ॲपवर काम करणाऱ्यांसाठी तिथं वेगळी नोंद आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या कामगारांना ओळखपत्र आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतून दवाखान्याचं संरक्षण देण्याची घोषणा झाली, तीही या नोंदणीवरच आधारलेली आहे. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी योजना येत नाही. आपल्या पोरांना मोजायला लावा.

चौथं, कागद जपायचे. ॲपवरचे दर, रोजचे नग, खात्यात आलेले पैसे, कंपनीचे मेसेज, सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेवायचे आणि महिन्यातून एकदा बहिणीला नाहीतर भावाला पाठवायचे. आयडी बंद झाला की ॲप उघडत नाही आणि पुरावाही त्यातच अडकतो.

आणि पाचवं. मुलगा म्हणाला, "आई, आमची पोरं संघटना करतायत, मी जाऊ का?" तर लगेच "तू त्यात पडू नको" म्हणू नका. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमानं दिलेला आहे. त्याला विचारा, संघटना नोंदलेली आहे का, वर्गणीची पावती देतात का, हिशोब सगळ्यांसमोर ठेवतात का, पदाधिकारी निवडून येतात का? हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. आपला गट आपण असाच चालवतो.

आठवतं का, पंधरा वर्षांपूर्वी आपल्यापैकी एकटी बाई बँकेत गेली तर शिपाई बसायलाही सांगायचा नाही. दहाजणी वही घेऊन गेलो तेव्हा साहेबानं खुर्च्या मागवल्या. आपण त्याच होतो. फक्त दहा होतो.

मावशींच्या मुलाचं काय झालं, विचाराल. तो अजून पुण्यात तेच काम करतो. गटाचं कर्ज फिटलं. ई-श्रमचा क्रमांक आला, विमे काढले. त्याच्या गोदामातल्या मुलांनी महिन्याला १०० रुपये काढून एक पेटी सुरू केली आहे. कुणी पडला तर त्यातून त्याचा गाडीचा हप्ता जातो. मावशी परवा मला म्हणाल्या, "ताई, पोरानं तिकडं बचत गट काढला की हो!"

तुमच्या गावात पुढची बैठक असेल तेव्हा हा विषय इतिवृत्तात घ्या. कुणाकुणाची मुलं या कामात आहेत ते लिहून काढा आणि आपल्या केंद्राला कळवा. पुढच्या वेळी त्या मुलांनाच इथं बोलावू. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार.